पलीकडे बॅटरी कोण बदलतं

१

"तिला बसवू तिकडे. ती काही विचारायची नाही."

हे सासूबाई म्हणाल्या, आणि ते माझ्या कानावर पडावं असा त्यांचा अजिबात हेतू नव्हता. मी न्हाणीघरात होते. या घरात नळ बंद केला की स्वयंपाकघरातलं बोलणं भिंतीतून सरळ न्हाणीघरात येतं. एवढ्या वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण नळ बंद करून नुसतं उभं राहायची सवय माझ्याआधी या घरात कुणाला नसावी.

"पण आई, एकटी?" हा माझा नवरा.

"एकटी कशी? तो आहे ना तिकडे."

मग कप बशीवर ठेवल्याचा आवाज आला.

मी केस पुसत राहिले. लग्न ठरत होतं तेव्हाच सासूबाई माझ्या आईला म्हणाल्या होत्या, "आम्हाला कमी बोलणारीच हवी." आईला ते भाग्य वाटलं. निघताना मावशीने मात्र मला बाजूला घेऊन सांगितलं, "मुकी बिचारी कुणीही हाका, असं होऊ देऊ नकोस बाई." त्यावरही मी काही बोलले नाही, म्हणून ती कपाळाला हात लावून निघून गेली.

'तिकडे' म्हणजे कुठे, याचा मी माझ्यापरीने अंदाज केला. घराची पुढची खोली म्हणजे आमचं ऑफिस: एक टेबल, दोन कॉम्प्युटर, ड्रोनची पेटी. तिथे तर मी रोजच बसत होते. एखादी शाखा काढायचा विचार असेल. शाखा असेल तर तिथला पगारी माणूसही असेल, तोच 'तो'. अंदाज तसा नीट बसत होता. फक्त सासूबाई 'तो' म्हणाल्या तेव्हा त्यांचा आवाज पगारी माणसाबद्दल बोलताना असतो तसा नव्हता.

२

आमचं काम सांगायला सोपं आहे. ड्रोनने जमिनीचे फोटो काढायचे आणि ते एकमेकांना जोडून नकाशा तयार करायचा. ड्रोन आपला आपण उडतो. झाडू जसा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आणि परत फिरतो, तशा त्याच्या रांगा आधीच आखलेल्या असतात. बॅटरी उतरत आली की तो काम अर्धं टाकून परत येतो. आपण बॅटरी बदलायची. मग रिमोटच्या पडद्यावर प्रश्न येतो, 'मिशन पुढे चालू करायचं?' 'हो' दाबलं की तो जिथून सोडून आला होता बरोबर तिथे जाऊन पुढची रांग धरतो. नवरा म्हणतो, "घरातल्या माणसांपेक्षा बरा. भांडण कुठे थांबलं होतं ते तरी विसरत नाही."

दर आठवड्याचं ठरलेलं काम म्हणजे दगडाची खाण. खाण आणि रस्ता यांच्यामध्ये एक बुटकी टेकडी आहे. आम्ही टेकडीच्या अलीकडे, वजनकाट्याच्या केबिनच्या सावलीत सतरंजी टाकून बसायचो. ड्रोन टेकडी ओलांडून गेला की पडद्यावरचं चित्र जायचं. मग त्याची नुसती वाट बघायची.

बॅटरी बदलणं मी नवीनच शिकले होते. ती ड्रोनच्या पाठीत सरकवायची आणि दोन्ही बाजूंचे खटके वाजले पाहिजेत. माझा उजवा वाजायचा, डावा राहून जायचा. "एक कान धरलास, दुसरा सोडलास," नवरा म्हणायचा आणि डावीकडे बोट दाबून द्यायचा. मी हळू काम करते. आधी ओढणीच्या टोकाने बॅटरीच्या पितळी पट्ट्या पुसते, मग ओढणी खांद्यावरून मागे टाकते, मग दोन्ही तळव्यांनी ढकलते.

"दादा एका चापटीत बसवायचा," एकदा त्याच्या तोंडून निघून गेलं, आणि तो एकदम पाणी प्यायला लागला.

दादा म्हणजे माझे थोरले दीर. मी त्यांना पाहिलेलं नाही. बाहेरगावी कामाला असतात, लग्नाला सुट्टी मिळाली नाही, एवढंच मला सांगितलं होतं.

त्या दिवशी मी चार नंबरची बॅटरी घातली. आमच्या बॅटऱ्या सहा, प्रत्येकीवर पांढऱ्या रंगाने आकडा. ड्रोन उडाला, टेकडीपलीकडे गेला, चित्र गेलं. त्याच्या परतण्याची वेळ झाली तशी मी पेटीतून पुढची बॅटरी काढून मांडीवर घेतली. तो आला नाही. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो रिमोट गळ्यात अडकवून टेकडीच्या कडेकडे बघत होता, बसची वाट बघावी तसा. आणखी वेळ गेला. एवढ्यात कुठलीही बॅटरी संपली असती.

मग काळ्या पडद्यावर अक्षरं उमटली. 'मिशन पुढे चालू करायचं?'

त्याने 'हो' दाबलं.

तो प्रश्न बॅटरी बदलल्याशिवाय येत नाही. मांडीवरची बॅटरी घट्ट धरून मी बसून राहिले. शेवटी ड्रोन आला, सगळ्या रांगा पुऱ्या करून, शाळेतून परतलेल्या पोरासारखा धुळीने भरलेला. नवऱ्याने स्वतः पुढे होऊन त्याची बॅटरी काढली आणि हातरुमालात गुंडाळली. गुंडाळताना वरचा आकडा दिसला.

सात.

३

डोळ्यांना दोष देणं सगळ्यात सोपं. ऊन होतं, आकडा अर्धा बोटाखाली होता. किंवा मी पाणी ओतत असताना त्याने कधीतरी बॅटरी बदलली असेल. मी स्वतःशी असे बरेच वाद घातले आणि गाडी घरी पोचेपर्यंत सगळे जिंकले. मग पेटी उघडली. सहा खाचा होत्या आणि चारची खाच रिकामी.

"चार नंबर कुठे गेली?"

"असेल कुठेतरी," नवरा बूट काढता काढता म्हणाला. "हरवायला ती काय कानातली रिंग आहे?"

सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "आली?"

मला वाटलं माझ्याबद्दल विचारतायत. "हो आई," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. नवऱ्याने हातरुमालाचं गाठोडं त्यांच्या ओंजळीत ठेवलं. कढत भांडं न्यावं तसं दोन्ही हातांनी सांभाळत त्या ते थोरल्यांच्या खोलीत घेऊन गेल्या.

थोरल्यांची खोली जिन्याजवळ आहे. एक पलंग, एक कपाट, भिंतीवर खिळा आणि त्याला टोपी. ती खोली रोज झाडली जाते, पण सासूबाईच झाडतात. त्या दुपारी इस्त्रीचे कपडे ठेवायला म्हणून मी दारापर्यंत गेले. त्या पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. डोळे मिटलेले, आणि ती बॅटरी गालाला लावलेली. त्यांचा चेहरा इतका निवांत मी आधी पाहिला नव्हता. मी कपड्यांसकट मागे फिरले.

संध्याकाळी त्या शेजारी गेल्या तेव्हा मी आत गेले. बॅटरी उशीवर होती. उडून आलेली बॅटरी गरम असते, यात नवल नाही, पण ती तासाभरात निवते. हिला मी हात लावला तर ती अजून ऊबदार होती. नुकतंच कुणी उठून गेलेल्या अंथरुणाची असते तेवढी.

पुढच्या आठवड्यात नवऱ्याने सात नंबर ड्रोनमध्ये घालून पाठवली आणि चार परत आली. घरी तिलाही हातरुमालातून त्या खोलीत नेण्यात आलं. मी पेटी पुसली आणि झाकण लावलं.

४

फोटो जोडायचं काम घरी मी करते. खाणीचे फोटो कंटाळवाणे असतात. दगड, ढिगारे, तळाशी साचलेलं हिरवं पाणी. पण प्रत्येक खेपेच्या फोटोंत थोडे भलतेच फोटो निघायचे. माझे हात. ड्रोन सतरंजीवर टेकलेला असताना मी बॅटरी बदलते, तेव्हाचे. माझी ओढणी, माझं कोपर, माझी बांगडी, माझी डावीकडे कललेली मान. कॅमेरा ड्रोनच्या पुढे असतो आणि मी तर मागे बसते, तरी.

"तुझं बोट लागत असेल बटणाला," नवरा म्हणाला.

फोटोचं बटण ड्रोनवर नसतं, रिमोटवर असतं, आणि रिमोट त्या वेळी त्याच्या गळ्यात असतो. माझे हात काही इतके बघण्यासारखे नाहीत. मी ते फोटो पुसून टाकत असे. पुढच्या खेपेला जरा जास्त निघायचे आणि जरा जवळून.

ड्रोन किती उंचीवर होता त्याची रेघही कॉम्प्युटरवर दिसते. खाणीवर ती रेघ सरळ चालायची, मग खाली उतरून जमिनीला टेकायची, काही वेळ तिथेच पडून राहायची आणि पुन्हा वर यायची. "उंचीचं यंत्र बिघडलंय," नवरा म्हणाला. यंत्र बिघडलं असेल तर ते शिस्तीने बिघडलं होतं. दर आठवड्याला जमिनीवर पडलेली रेघ थोडी लांब होत होती.

मग खाणीच्या फाटकावरच्या रखवालदाराने मला एक दिवस विचारलं, "तुमच्या घरात दगड मोजायची हौस आहे का हो?"

"म्हणजे?"

"खाण बंद पडून कितीतरी महिने झाले. एक खडा हललेला नाही. तुम्ही आपले दर आठवड्याला मोजताय. वाढतायत की काय दगड?" तो स्वतःच्या विनोदावर पुरेसा हसला आणि मग हसू आवरून म्हणाला, "नाही, भाऊ गेल्यापासून तुमचे मिस्टर असेच करतात. माणसाला काहीतरी लागतं."

सासूबाईंसमोर मी नवऱ्याला 'अहो' म्हणते, आमच्या खोलीत 'तू'. त्या दुपारी मी खोलीचं दार लावलं आणि विचारलं, "दादा कुठे आहेत? नीट सांग तू मला."

तो पलंगावर बसला. गादीच्या कडेची शिवण नखाने उसवत बसला.

"आम्ही दोन्ही बाजूंनी काम करायचो," तो म्हणाला. "दादा खाणीत बसायचा, मी इकडे. बॅटरीसाठी टेकडी ओलांडून परत यायला लागत नाही. ज्याच्या बाजूला संपेल तो बदलणार. सात आणि आठ नंबर त्याच्याकडे असायच्या. एक दिवस काम संपलं, मी ड्रोन पेटीत ठेवला, हाक मारली. तो आला नाही."

"मग?"

"मग काय. पोलीस, पाणबुडे, सगळं झालं. पाण्यात नाही, कपारीत नाही. सगळे थकले तेव्हा मी ड्रोन सोडला त्याला शोधायला. बॅटरी संपत आली तरी परत बोलावला नाही. म्हटलं, पडला तर पडू दे. चित्र तर गेलेलंच होतं." त्याने शिवणीवरचा हात काढला. "आणि पडद्यावर तो प्रश्न आला."

"तू जाऊन बघितलं नाहीस?"

"किती वेळा गेलो. आपण गेलो की तिथे कुणी नसतं. एक जागा तेवढी झाडलेली असते. एकही खडा नाही तिथे." मग तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आईला ह्याच्यावर जगायचंय. मी काय करू?"

मी काय सांगणार होते? दुःखाने माणसं काहीही खरं मानतात, हे मला माहीत होतं. पण सात नंबर मी माझ्या हातात धरली होती.

५

दोन दिवसांनी सासूबाईंनी मला त्या खोलीत बोलावलं आणि पलंगावर शेजारी बसवलं. पायाशी एक पिशवी भरून तयार होती. शाल, जाड टॉवेल, पाण्याची बाटली, दोन बॅटऱ्या.

"त्याला हल्ली वेळ लागतो," त्या म्हणाल्या. "पूर्वी कसं, ड्रोन टेकला न टेकला की निघालाच. आता किती वेळ बसून राहतो. तू आलीस त्याच सुमाराला सुरू झालं हे. थकलाय तो. मागच्या खेपेला तर बॅटरीचा एक खटका लागलेलाच नव्हता. हाताला जोर राहिला नसेल गं."

मी पिशवीकडे बघत होते.

"माझे गुडघे टेकडी चढू देत नाहीत. ह्याला रिमोट सोडता येत नाही. राहिलं कोण?"

"मी," मी म्हणाले.

"बघ, शहाणी आहेस. तू नुसतं बसायचंस. झाडलेल्या जागेकडे पाठ करून बस, म्हणजे तो येईल. बोलायचं नाही. तो लाजाळू आहे, बाईमाणूस दिसलं की आत पळायचा लहानपणी." त्या हसल्या. "तुझं बरं आहे, तुला गप्प बसायला सांगावं लागत नाही. माझ्या बहिणीची सून असती तर भूतसुद्धा कंटाळून गेलं असतं."

शब्द तोंडातून गेल्यावर त्या थोड्या दचकल्या. मग त्यांनी शालीची घडी पुन्हा घातली.

मला 'नाही' म्हणता आलं असतं. पण गालाला बॅटरी लावून बसलेल्या बाईला कुठल्या शब्दांत नाही म्हणायचं, ते मला सुचेना. मी म्हणाले, "आधी एक खेप इकडूनच करू या आई. मला पडद्यावर जागा बघू दे. मग पुढच्या दिवशी जाते."

एका दमात एवढं मी या घरात पहिल्यांदाच बोलले असेन. त्यांना ते आवडलं. "बघ की," त्या म्हणाल्या.

६

चित्र टेकडीमुळे जातं, म्हणजे टेकडीपेक्षा उंच चढलं की जायला नको. वजनकाट्याच्या मागे खडी फोडायच्या यंत्राचा जुना सांगाडा उभा आहे, त्याला लोखंडी शिडी. बॅटरी नेहमीसारखी मी घातली, नवऱ्याने ड्रोन उडवला, आणि मी त्याच्या गळ्यातून रिमोट काढून घेतला.

"पडशील," तो म्हणाला.

"धर की मग शिडी."

वर वारा होता. पत्रा कुठेतरी एकसारखा वाजत होता. सकाळचं स्वच्छ ऊन, दूर रस्त्यावर एक ट्रक. भिण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. टेकडीच्या कडेवरून मला खाणीची पलीकडची भिंत दिसत होती, तळ दिसत नव्हता. पडद्यावर मात्र तळ होता. ड्रोन आपल्या रांगा धरून चालला होता.

मग त्याने रांग सोडली आणि खाली उतरायला लागला. मी कुठल्याही बटणाला हात लावला नव्हता.

ती जागा आली. सगळीकडे खडी आणि मध्ये एक स्वच्छ गोल, हाताने सारवल्यासारखा सपाट. ड्रोन तिथे टेकला. पाती थांबली. कॅमेरा पुढे असतो आणि बॅटरी मागे, म्हणून मागे काय चाललंय ते दिसणार नव्हतं. पण ऊन मागून होतं. समोरच्या स्वच्छ मातीवर ड्रोनची सावली पडली होती, आणि तिच्या शेजारी हळूहळू दुसरी आली.

कुणीतरी बसलं. गुडघे दुमडून, उजवी टाच वर करून. सावलीच्या हाताने काहीतरी पुसलं, सावकाश, दोनदा. मग हात खांद्यापाशी गेला आणि त्याने ओढणी मागे टाकली. सावलीत ओढणी नव्हती. हातात काही नव्हतं, मागे काही पडलं नाही. नुसती ती टाकण्याची लकब होती, मान किंचित डावीकडे कलवून. माझी मान कलते ते मी फोटोंत पाहिलं होतं.

मग दोन्ही तळवे पुढे झाले. उजवा खांदा हलला. डावा हलला नाही.

सावली तशीच बसून राहिली, काम झाल्यावर मी राहते तशी, कुणी येऊन डावीकडचा खटका दाबून देईल म्हणून. मग ती वाकायला लागली. ड्रोनवरून पुढे, कॅमेऱ्याच्या बाजूला. पडद्याच्या वरच्या कडेला केसांसारखं काहीतरी उतरलं.

'मिशन पुढे चालू करायचं?' पडद्यावर आलं, आणि मी 'हो' दाबलं. एवढं जोरात की अंगठा दुखला.

"काय दिसलं?" खालून नवऱ्याने विचारलं.

"सावली," मी म्हणाले.

ड्रोन परत आला. बॅटरीचा डावा खटका उघडा होता. "बघ, थकलाय," नवरा म्हणाला आणि त्याने बॅटरी हातरुमालात गुंडाळली.

७

गाडीत मी सांगायला दोनदा तोंड उघडलं. सावलीवरून माणूस ओळखणं म्हणजे काय? बॅटरी कुणीही बदलली तरी हात तसेच चालणार. बसायच्या पद्धती जगात असून असून किती असतात? मी मनाला समजावत होते आणि मन मुकाट ऐकून घेत होतं, माझंच मन शेवटी. पण एक गोष्ट त्यात बसेना. थोरल्या दिरांनी मला कधी पाहिलेलं नाही.

घरी गेल्यावर मी डोक्यावरून अंघोळ केली, कपडे धुतले आणि वाळत घालायला गच्चीवर गेले. दोरीवर सगळं पसरून मी तिथेच टेकून उभी राहिले. खाली कुणाचा तरी मिक्सर चालला होता, पलीकडच्या गच्चीवर एक बाई उशा उन्हात ठोकत होती. मला बरं वाटायला लागलं. खूप वेळाने जिना उतरले.

सासूबाई थोरल्यांच्या खोलीत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "आता आलीस होय?"

"वर होते. कपडे वाळत घालत."

"आता नव्हे गं, मघाशी. दारात उभी होतीस ती. मी म्हटलं, ये, बस. ह्याच्याजवळ बस जरा, उद्या जायचंय तुला." त्यांनी मांडीवरच्या बॅटरीवर हात ठेवला. "तर काही बोलली नाहीस. बघत राहिलीस, ओढणी मागे टाकलीस आणि गेलीस. अगदीच मुकी आहेस बाई. माणसाने हूं तरी म्हणावं."

माझी ओढणी त्या वेळी वर दोरीवर होती, ओली.

"कुठे गेले मी?" मी विचारलं.

"मला काय विचारतेस? आपल्या घरात तू कुठे जातेस ते तुला ठाऊक." त्यांनी जिन्याच्या उलट दिशेला, आमच्या खोलीकडे मान हलवली.

मी आमच्या खोलीत गेले. कुणी नव्हतं. पलंग, टेबल, नवऱ्याचे बूट. खिडकी बंद. पलंगाच्या माझ्या बाजूला चादर किंचित दबलेली होती. मी वाकून तळवा टेकवला आणि लगेच उचलला.

८

सकाळी पिशवी पुढच्या खोलीत टेबलावर होती. शालीच्या वर सासूबाईंनी एक कंगवा ठेवला होता. नवरा बूट घालून तयार होता, पण माझ्याकडे बघत नव्हता.

"चला," तो म्हणाला.

मी खुर्चीवर बसले. "ते भावोजी नाहीत," मी म्हणाले.

त्याच्या हातातली किल्ली वाजायची थांबली. सासूबाई पिशवीचा बंद बांधत होत्या, त्या बांधत राहिल्या.

"वेळ लागतो तो थकल्यामुळे नाही आई. मला वेळ लागतो म्हणून त्याला लागतो. मी पुसते तसं ते पुसतं. माझा डावा खटका राहतो, त्याचाही राहतो. आधी ते भावोजींसारखं बदलायचं, एका चापटीत. आता माझ्यासारखं बदलतं. कॅमेऱ्यातून बघून शिकलंय, मी पाहिलंय."

"काय बोलतेस तू?" नवरा म्हणाला. आईसमोर मला असं दरडावण्याची त्याला सवय नव्हती, त्यामुळे ते नीट जमलं नाही. "आई, ती घाबरलीये. आपण पुढच्या आठवड्यात..."

"मला माहीत आहे," सासूबाई म्हणाल्या.

"काय माहीत आहे?"

"तो नाही ते." त्यांनी बंदाची गाठ घातली आणि पुन्हा सोडली. "माझा मुलगा होता तो. त्याच्या हातची वस्तू मला कळणार नाही? पहिल्याच दिवशी कळलं." त्या खाली बसल्या. "पण गरम येते रे. घरात दुसरं काय गरम आहे त्याचं?"

नवरा बुटांसकट सतरंजीवर त्यांच्या पायाशी बसला. बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला पाठवणार होत्या याची लाज त्यांच्या डोळ्यांत होती, आणि अजूनही मी जाईन अशी थोडी आशासुद्धा.

"मग तू काय म्हणतेस?" त्यांनी विचारलं.

मी पिशवीतला कंगवा काढून त्यांच्या हातात दिला. मग उठून पुढच्या दाराची कडी लावली आणि दाराला पाठ टेकून, दोघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी जाणार नाही. आज नाही, कधीच नाही. ड्रोनही आता टेकडीपलीकडे जाणार नाही. आणि आजपासून मी घरात सारखी बोलत राहणार आहे. भांडी घासताना, केस विंचरताना, कुणी ऐकणारं नसलं तरी. तुमचं डोकं उठेल, उठू दे. पण ज्या दिवशी मी दारात उभी दिसेन आणि हूं की चूं करणार नाही, त्या दिवशी मला आत घेऊ नका."